न मारलेली उडी

आमच्या वडनेरच्या नाटकमंडळात मला कुणी कधी भूमिका दिली नाही. माझं तोंड पाहिलं की लोकांना रॉकेलची रांग आठवेल, असं गुरुजी म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दिवसभर मी सोसायटीच्या दुकानात रॉकेल आणि साखर मापून देत असे. पण मंडळ माझ्यावाचून अडायचं, कारण मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत उभं राहायचं, नट अडला की पुढचं वाक्य त्याला सांगायचं, आणि असं सांगायचं की ते त्याला ऐकू जावं पण पुढं सतरंजीवर बसलेल्या पाटलांना जाऊ नये. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. गर्दीत एकाच माणसाला ऐकू जाईल असं बोलायची मला आधीपासून सवय होती.

तो एक माणूस म्हणजे आमच्या मंडळातला स्त्रीपार्टी. तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. मुंबई-पुण्याकडं नाटकात बायका काम करतात, असं आम्ही ऐकून होतो. आमच्याकडं मात्र सीतेपासून सावकाराच्या सुनेपर्यंत सगळ्या बायका पुरुषच व्हायचे, आणि ते काम त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. त्याच्या घरचा मळा होता, मिरची आणि वांगी लावायचे. हात कामानं इतके खरखरीत झालेले की गुरुजी त्याला कोपरापर्यंत बांगड्या घालायला लावत, म्हणजे लोकांचं लक्ष बांगड्यांवर राहील. यात्रेच्या आधी दोन-अडीच महिने त्याला मिशी काढून टाकावी लागे. मग अख्खं गाव त्याच्या मागं लागायचं. "वहिनी, पाणी भरून झालं काय?" असं भर चौकात विचारायचे. तो हसून पुढं जायचा. मी चिडायचो. पण चिडूनही बेतानंच, कारण जास्त चिडलो असतो तर कुणीतरी म्हणालंच असतं, तुले काऊन लागते बे एवढं?

आमचं काय होतं ते आता सांगायला हरकत नाही, ऐकून तोंड वाकडं करणारे बहुतेक सगळे गेले. बाजाराच्या दिवशी टोपली रिकामी झाली की तो दुकानाच्या मागल्या खोलीत यायचा, आणि साखरेच्या रिकाम्या पोत्यांवर बसून आम्ही भाकरी खायचो. एरवी मी त्याच्या मळ्यात जायचो. विहिरीवर मोट चालायची. तो बैल हाकायचा, आणि मोट जिथं रिकामी होते त्या दगडी थारोळ्यात पाय सोडून मी बसून राहायचो. बैल सोडले की तोही येऊन बसायचा. त्यानं मला जन्मात कधी गोड शब्द ऐकवला नाही. "जेवला का बे?" एवढंच विचारायचा. मी नाही म्हटलं तर भाकरीचं फडकं सोडायचा, आणि हो म्हटलं तरी सोडायचा. त्या फडक्यात मिरचीचा ठेचा असायचा, तो इतका जहाल की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो पोट धरून हसायचा.

त्या वर्षी गुरुजींनी नवं नाटक लिहिलं. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर. घरात बायको, चार लेकरं, अंगणात एक शेळी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा मायाळू माणूस. त्यांचं नाटक लिहून झालं की नकला उतरवायचं काम माझ्याकडं यायचं. नक्कल म्हणजे एकेका नटाची वाक्यं वेगळी लिहून काढलेले कागद. दुपारी दुकान बंद ठेवून मी बसलो, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि टाक हातातच राहिला. नाटक दोन दोस्तांचं होतं. नुसत्या दोस्तांचं नव्हतं. एक दोस्त दुसऱ्याला म्हणतो, 'सख्या, तुझ्यावाचून हे जीवन मला शून्यवत आहे,' आणि पुढं गुरुजींनी कंसात सूचना दिली होती, 'पत्नीने पतीस म्हणावे तसे.'

मी घाबरलो. गुरुजींना कुणी सांगितलं? मळ्याकडून त्या दिवशी कोण गेलं होतं? पोत्यांच्या खोलीची कडी मी लावली नव्हती का? तसाच पुढं वाचत गेलो, आणि हळूहळू भीती उतरली, कारण त्यात आमचं काहीच नव्हतं. त्यातले दोघं नदीकाठी फिरायचे, एकमेकांना कविता म्हणून दाखवायचे, फूल हुंगायचे आणि उसासे टाकायचे. अख्ख्या तीन अंकांत एकानंही दुसऱ्याला जेवला का म्हणून विचारलं नव्हतं. शेवटी एकाचं लग्न होतं, दारावरून वरात वाजत जाते, आणि दुसरा विहिरीत जीव देतो.

तरी खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मी रडलो. आमच्याकडच्या खडी गंमतीत, म्हणजे तमाशासारख्या खेळांत, असला माणूस असायचाच. कंबर हलवत यायचा, लोक शिट्या मारायचे, हसून लोटपोट व्हायचे, आणि तो आत निघून जायचा. इथं पहिल्यांदा एक लेकराबाळांचा, चारचौघांत मान असलेला माणूस म्हणत होता की याला हसू नका, याच्यासाठी रडा. त्या दिवशी मला तेवढंही खूप वाटलं. दारिद्र्यात माणूस थोडक्यात खूश होतो.

विहिरीत जीव देणाऱ्याचं काम गुरुजींनी त्याला दिलं. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. मंडळात तोच सगळ्यांत चांगला नट होता आणि रडवायचं कसब त्याच्याकडंच होतं. पण तो हरखून गेला. पहिल्यांदा पुरुषाचं काम, पहिल्यांदा यात्रेला मिशी. येता-जाता मिशीवरून हात फिरवायचा, दुकानातल्या तेलाच्या डब्यावर चेहरा पाहायचा. "आता म्हणा म्हणावं वहिनी," म्हणायचा. वाचायला तो थोडा अडखळायचा, म्हणून नक्कल त्याला मीच वाचून पाठ करवून घ्यायचो, थारोळ्यावर बसून. पहिले दोन अंक त्यानं कान देऊन ऐकले. 'शून्यवत' म्हणजे काय ते विचारलं आणि सांगितल्यावर हसला. शेवट ऐकला आणि त्याचा चेहराच उतरला.

"थो काऊन मरते पण?" त्यानं विचारलं.

"नाटक हाय बाबा."

"हाव, नाटक हाय. पण मरते काऊन? विहिरीवर तं आपण जेवतो."

त्यानं पाण्यात पाय हलवले. मग म्हणाला, "घरी लगनाची बोलणी चालू होऊन राह्यली. जळगाव जामोदची पोरगी हाय. एकटीच हाय, भाऊ नाही. तिच्या बापाले वावर पाह्याले माणूस पाह्यजे."

"तू काय म्हणलं?"

"यात्रा होऊ द्या म्हणलं, मंग सांगतो." तो माझ्याकडं वळला. "तू गुरुजीले सांग ना, त्याले जगू द्या म्हणा. दोघं जगून राह्यले असं दाखवा म्हणा. लोकाईनं ते चूपचाप पाह्यलं ना, तं मी बापाले सांगतो, मले लगन नाही करायचं. अन् लोकं उठून गेले, गोटे मारले, तं मंग मले समजलं. पण एक डाव पाह्यतो तं खरं, लोकाईले आपण चालतो का नाही."

आपलं आयुष्य असं यात्रेच्या नाटकावर लावून मोकळा झाला तो. मला त्याचा राग आला. असं कुठं असतं काय, नाटकात कोण जगला आणि कोण मेला यावर माणूस लग्न ठरवतो काय? पण मग लक्षात आलं, त्याला गावाचं मन विचारायला दुसरी जागाच नव्हती. पारावर बसून तर विचारता येत नव्हतं. मी जातो म्हणालो.

रविवारी गुरुजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "गुरुजी, तो मेलाच पाहिजे का?"

"कोण रे?"

"नाटकातला."

गुरुजी हसले. "मग काय करू त्याचं?"

"जगू द्या. दोघंही जगू द्या. लग्न मोडू द्या एखाद्या वेळेस."

आतून बाईंचा आवाज आला, "जगू द्या ना हो त्या पोराले! कायले मारता? तुमी वाचून दाखवलं तवाच म्हणलं होतं म्या."

"तू चहा टाक," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी सूप बाजूला सारलं. खालच्या आवाजात म्हणाले, "अमरावतीला शिकत होतो तेव्हा माझ्या खोलीत एक मुलगा होता. असाच. मला तेव्हा कळलं नाही. तो सुट्टीत घरी गेला, घरच्यांनी लग्न ठरवून ठेवलं होतं. गावच्या विहिरीत सापडला. मग मला एकेक गोष्ट आठवत गेली आणि कळत गेलं. त्याच्यासाठी लिहिलंय मी हे." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तू म्हणतोस, जगू द्या. जगला तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो रे? कुठं राहतो? ते दोघं एकमेकांशी बोलतात तरी काय? मला माहीत नाही. मला एकच माहीत होता, आणि तो मेला."

मला माहीत होतं. सकाळी उठून तो बैलांना पाणी दाखवतो. मग मिरच्या तोडतो आणि टोपली भरताना चांगल्या मिरच्या वर लावतो, त्यावरून मी त्याला चोर म्हणतो. दोघं ठेच्याबद्दल बोलतात, बैलाच्या खुराबद्दल बोलतात, पाटलाच्या पुतण्याच्या चालण्याची नक्कल करून हसतात. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं तर मला कसं माहीत, तेही सांगावं लागलं असतं. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी मला घराबाहेर काढलं नसतं, उलट माझ्यासाठीही रडले असते. त्या रडण्याचीच मला धास्ती वाटली. एकदा त्यांनी माझ्यासाठी रडायला सुरुवात केली की मला त्यांच्या डोळ्यांत विहीर दिसत राहिली असती. बाईंनी चहा आणला. मी चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली आणि घरी आलो.

तेव्हापासून माझ्या मनात एक कडवटपणा आहे तो आहेच. ज्याला माहीत नाही त्यानं लिहायचं, आणि ज्याला माहीत आहे त्यानं विंगेत उभं राहून त्याचीच वाक्यं पुरवायची. बरं, रागवावं तर कुणावर? त्या माणसानं मनापासून लिहिलं होतं. गावात दुसऱ्या कुणी तेवढंही केलं नसतं.

तालमी गावाबाहेरच्या बंद जिनिंगच्या शेडमध्ये व्हायच्या, जुन्या सरकीच्या वासात. दुसऱ्या दोस्ताचं काम पाटलांच्या पुतण्याकडं होतं. तो दरसाल नायक व्हायचा आणि दरसाल याला नायिका म्हणून बिनदिक्कत कवेत घ्यायचा. या खेपेला याच्या अंगात सदरा आणि नाकाखाली मिशी. पुतण्याला खांद्यावर हात ठेवायचा होता, तर तापल्या तव्याला लावल्यासारखा हात लावून काढून घ्यायचा. गुरुजी सांगून थकले, "अरे, जरा मायेनं ठेव." पुतण्या म्हणे, "गुरुजी, हे आपल्याच्यानं नाही जमत. लोकं काय म्हणतीन?" शेवटी गुरुजींनी तोड काढली. दुसऱ्या अंकात एक स्वप्न घातलं. स्वप्नात हा लुगडं नेसून येतो आणि मग दोघं भेटतात. मिशी होती तीवर पदर ओढून घ्यायचा. लुगडं नेसल्याबरोबर पुतण्यानं त्याला असं कवटाळलं की बांगड्या फुटल्या. सगळे खो खो हसले. तोही हसला. तोच माणूस, तेच खांदे, मधे नुसतं नऊवार कापड आलं होतं. मला हसू आलं नाही, मी नकलेत डोकं खुपसून बसलो.

यात्रेचा दिवस आला. देवळासमोर फळ्या टाकून रंगमंच उभा केला. दिवेलागणीलाच पडदा उघडला, कारण बाहेरगावची माणसं बैलगाड्या जुंपून परत जाणार होती. चार गॅसबत्त्या फुसफुसत होत्या. डाव्या बाजूला बांबूच्या कामट्यांवर पोतं ताणून, त्यावर दगड रंगवून विहिरीचा कठडा केला होता. उडी मारायची ती या कठड्याच्या मागं, तिथं गवताच्या पेंढ्या घातल्या होत्या. आणि मागच्या पडद्याआड जिनिंगचा म्हातारा चौकीदार पाण्यानं भरलेली टाकी आणि एक भला थोरला धोंडा घेऊन बसला होता. वरातीचा ताशा थांबला, की याचं शेवटचं वाक्य, मग उडी, आणि मग म्हाताऱ्यानं धोंडा टाकीत सोडायचा. म्हाताऱ्याला समोरचं काही दिसत नव्हतं, सगळं अंदाजानं. तालमीत त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

नाटक रंगलं. स्वप्नाच्या प्रवेशाला शिट्या आल्या, पण एरवी कुणी हसलं नाही. बाया पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. शेवटचा प्रवेश आला. ताशा वाजला, दूर गेला, थांबला. तो कठड्याशी उभा होता. वाक्य होतं, 'सख्या, तू सुखी राहा, मी चाललो.' तो बोलला नाही.

त्यानं मान वळवून विंगेकडं, माझ्याकडं पाहिलं. गुरुजींना वाटलं, अडला. तो कधी अडत नसे. एकदा पाठ झालेलं वाक्य तो झोपेतही म्हणायचा. मला त्याच्या पाहण्यावरूनच कळलं की तो वाक्य विसरलेला नाही. त्याला दुसरं वाक्य पाहिजे होतं. कागद माझ्या हातात होता, त्यावर माझ्याच अक्षरात ते मरायचं वाक्य होतं, आणि सगळं गाव श्वास रोखून बसलं होतं. मला एखादं भारी वाक्य सुचायला पाहिजे होतं, गावाचं मन पालटेल असं. सुचलं ते एवढंच. मी त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "चाल बे, जेवून घेऊ."

त्याला ऐकू गेलं. मिशी हलली, हसू येतं की काय असं झालं. त्यानं कठड्यावरचा हात काढला आणि माझ्याकडं एक पाऊल टाकलं. तो बोलणार होता. काय बोलणार होता ते मला कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात पडद्याआड म्हाताऱ्यानं धोंडा सोडला. धबाक्कन आवाज झाला, टाकीतलं पाणी फळ्यांवर उसळलं.

आणि देवळासमोरची सगळी माणसं रडायला लागली. बाया हंबरडा फोडल्यासारख्या रडत होत्या. "अरे माह्या लेकरा!" असं एकजण ओरडली. पाटील उपरण्यानं तोंड पुसत होते. तो तिथंच उभा होता. गॅसबत्तीच्या लख्ख उजेडात, कोरडा ठणठणीत, दोन्ही हात सोडून. त्यानं लोकांकडं तोंड केलं. "मी हाय ना इथं," तो म्हणाला. त्याचा आवाज रडण्यात बुडून गेला. लोक त्याच्याकडं पाहत होते आणि त्याच्यासाठी रडत होते. मग गुरुजींनी पडदा ओढला.

आत आल्यावर म्हातारा चौकीदार सगळ्यांना सांगत होता, "पोट्टं अडलं होतं. म्या धोंडा टाकला म्हणून निभावलं." गुरुजींनी याला छातीशी धरलं. ते इतके रडत होते की उडीचं त्यांना काही विचारायचं सुचलंच नाही. "माझ्या दोस्तासाठी आज सगळं गाव रडलं," एवढंच म्हणत राहिले. मी नकला गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात रॉकेलच्या रांगेत तोच विषय. "काय उडी मारली पोट्ट्यानं!" एकजण म्हणाला, "माह्या अंगावर शिंतोडे आले."

"त्यानं उडी नाही मारली," मी म्हणालो. "तो तिथंच उभा होता."

"तुले विंगेतून काय दिसते बे?" तो म्हणाला, आणि रांग हसली. दिवसभरात तीन-चार जणांशी मी वाद घातला. प्रत्येकानं उडी पाहिली होती. एका म्हातारीनं तर पडताना त्याची टोपी वर राहिली हेही पाहिलं होतं. त्यानं टोपी घातलीच नव्हती.

संध्याकाळी मळ्यात गेलो. तो थारोळ्यावर बसला होता, पाय पाण्यात न सोडता.

"तू तं पाह्यलं ना?" त्यानं विचारलं. "मी उभा होतो."

"हाव. उभा होता."

"सारे माह्याकडंच पाह्यत होते. गोटे नाही मारले. उठूनही नाही गेले." तो जमिनीकडं पाहत बोलत होता. "मी मेलो तं किती माया आली त्याईले. जिता उभा होतो, तं दिसलोच नाही."

"पुढल्या खेपेले म्हाताऱ्याले सांगू, धोंडा टाकू नको म्हणून. मी स्वतः मागं बसतो."

"नाही बे," तो म्हणाला. "समजलं मले."

त्यानं फडकं सोडलं. आम्ही जेवलो. ठेचा तसाच जहाल होता, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून तो हसला नाही. त्याच आठवड्यात त्यानं घरी हो म्हणून सांगितलं.

लग्नात तोच ताशा होता, तेच वाजवणारे. पंगतीत मी वाढायला होतो. सोयऱ्यांच्या ओळीत, मुंडावळ्या बाजूला सारून तो जेवायला बसला होता. त्याच्या पानाशी आलो तेव्हा मी वाकलो आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल असं विचारलं, "जेवला का बे?" त्यानं वर न पाहता मान हलवली. मी पुढच्या पानावर वरण वाढलं. तो घरजावई म्हणून निघाला, वरात एसटीनं गेली, जळगाव जामोदची गाडी धुरळा उडवत नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली, आणि लोकांसोबत मीही हात हलवला. दुसरं काय करणार होतो?

नाटक मात्र चालत राहिलं. त्याच्या जागी दुसरा नट आला, धामणगाव बढ्याला, आणखी कुठं कुठं प्रयोग झाले. दुसऱ्यानं दर वेळी नीट उडी मारली, म्हाताऱ्यानं दर वेळी वेळेवर धोंडा टाकला. दर वेळी विंगेतून मी वाक्यं पुरवली. सोडून का दिलं नाही, असं मला मीच विचारलं आहे. सोडलं असतं तर त्या दोघांची तेवढी गोष्टही माझ्याजवळ राहिली नसती. वाईट का असेना, आमच्यासारख्यांची गावात तेवढी एकच गोष्ट होती.

पुढं मी पुष्कळ वाचलं. मलकापूर-अकोल्याला जाऊन सिनेमे पाहिले. फार वर्षांनी अशा दोन माणसांच्या गोष्टी पुस्तकांत यायला लागल्या, पडद्यावरही आल्या. मला कळेल तिथवर लिहिणारे सगळे बायका-लेकरांचे, भले लोक. सगळ्यांना कळवळा. आणि शेवटाकडं आलं की कुणीतरी गाडीखाली जायचा, कुणी फास लावून घ्यायचा, कुणाला रोग व्हायचा. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे आणि आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं त्यांना वाटायचं. मी खुर्चीचे हात धरून बसायचो, आता धोंडा पडेल म्हणून. एकालाही असं वाटलं नाही की या दोघांना एकदा जेवायला बसवावं.

तो मला त्यानंतर एकदाच निवांत भेटला. सोसायटीच्या कामासाठी जळगाव जामोदला गेलो होतो. बाजारात मिरच्यांच्या ढिगामागं तो बसला होता, चांगल्या मिरच्या वर लावून. मिशी पांढरी झाली होती. मला पाहून उठला, ढीग शेजाऱ्याच्या हवाली केला आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात घेऊन गेला. चहा सांगितला, भजी सांगितली. लेकीचं लग्न झाल्याचं सांगितलं, मोट गेली आणि इंजिन आलं ते सांगितलं, बायकोच्या गुडघ्याचं सांगितलं. माझं विचारलं, तर मी म्हटलं, आहे तसंच आहे. जेवला का, हे मात्र त्यानं विचारलं नाही. हॉटेलवाला ओळखीचा होता, त्याला माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हे आमच्या नाटकात प्रॉम्प्टर होते. मी विहिरीत उडी मारली होती तवा. अख्खं गाव रडलं होतं, नाही का हो?"

मला 'हो' म्हणाला तो, अहो-जाहो. मी कप खाली ठेवला. हॉटेलवाला गेल्यावर, आजूबाजूला माणसं होती म्हणून, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं मी म्हणालो, "तू उडी नाही मारली. तू उभा होता. माह्याकडं एक पाऊल टाकलं होतं तू."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचे डोळे नव्हते ते. आठवून पाहत होता, आणि त्याला खरंच दुसरं काही आठवत नव्हतं.

"नाही बे," तो म्हणाला. "मारली. आवाज नाही आला का तुले?"

बाहेर वडनेरची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. त्याच्या तोंडातून इतक्या वर्षांनी 'बे' ऐकलं, तेवढं मी सोबत घेतलं आणि उठलो. आवाज तर आला होताच. मी हाव म्हणालो.